पाठीशी महिला समाज, समोर महापालिका : अवंतिकाबाई गोखले यांची वाटचाल

जालना एमआयडीसी (प्रतिनिधी) : महापौरपदावर असलेली स्त्री पुन्हा निवडणुकीला उभी राहते आणि स्त्रियांची एखादी राजकीय संघटना तिला जाहीर पाठिंबा देते, ही बातमी आज वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत आटोपते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या बातमीतील एकही गोष्ट अस्तित्वात नव्हती. स्त्रियांच्या राजकीय संघटना बोटावर मोजण्याइतक्या होत्या, नगरसभेत स्त्री नव्हती आणि मुंबईतसुद्धा महापौर हे पदनाम रूढ झाले नव्हते. ही घडी बसवणाऱ्या पहिल्या पिढीत अवंतिकाबाई गोखले यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. महात्मा गांधींचे पहिले मराठी चरित्र लिहिणाऱ्या लेखिका म्हणून अभ्यासकांना त्या ठाऊक आहेत. मुंबई महापालिकेतील आद्य स्त्री सदस्यांपैकी एक म्हणून त्यांची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

जालन्यात त्यांची आठवण काढण्यास निमित्त आहे. येथील नगर परिषदेचे २०२३ मध्ये महापालिकेत रूपांतर झाले आणि जानेवारी २०२६ मध्ये या महापालिकेची पहिली निवडणूक पार पडली. त्याआधी, २०१६ मध्ये जनतेतून थेट झालेल्या निवडणुकीत संगीता गोरंट्याल नगराध्यक्ष झाल्या होत्या. कायद्याने निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्याने औद्योगिक वसाहतीलगतच्या वस्त्यांतूनही प्रचाराच्या फलकांवर स्त्रियांचे चेहरे झळकले. काही फलकांवर उमेदवार पत्नीपेक्षा पतीचे छायाचित्र मोठे असते, हे मराठवाड्यातील कोणत्याही शहरात फिरणाऱ्यास नव्याने सांगावयास नको. त्यामुळे प्रश्न उरतो तो असा, की सभागृहात गेलेल्या स्त्रीच्या पाठीशी नेमके कोण उभे असते? घर, पक्ष, की स्त्रियांची स्वतःची संघटना? अवंतिकाबाईंच्या चरित्रात या प्रश्नाचे एक जुने आणि ठाम उत्तर सापडते.

अवंतिकाबाईंचा जन्म १७ सप्टेंबर १८८२ रोजी इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव जोशी. तत्कालीन रिवाजाप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह बबनराव गोखले यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला आल्या. मुलीच्या जातीला शाळेत घालण्याची पद्धत त्या घरात नव्हती. अक्षरओळख झाली ती सासरी आणि तीही पतीच्या आग्रहामुळे. पुढे बबनराव अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. पती परदेशी असताना सासरी राहणाऱ्या तरुण स्त्रीने ग्रंथ हाती धरणे ही गोष्ट त्या काळी कौतुकाची नव्हती. अवंतिकाबाईंनी वाचन चालू ठेवले, इंग्रजी शिकल्या आणि पती परतल्यावर एक पाऊल आणखी पुढे टाकून परिचारिकेचे शिक्षण घेतले.

हे पाऊल किती धाडसाचे होते, ते आज लक्षात येणे कठीण आहे. सुईणीचे काम हलक्या समजल्या जाणाऱ्या जातींकडे ढकललेले होते. ब्राह्मण घरातील सुनेने परक्याच्या बाळंतपणास हात लावणे म्हणजे विटाळ. अवंतिकाबाईंनी हे शिक्षण मुंबईच्या रुग्णालयात रीतसर पूर्ण केले. रुग्णसेवा करीत असताना त्यांच्या बोटास जंतुसंसर्ग झाला आणि बोट कापावे लागले. पुढे आयुष्यभर त्यांनी चरखा चालविला, शिवणकाम केले, पत्रे लिहिली, ती सारी या अधुऱ्या हाताने.

१९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणगावातील वस्त्यांत वाचनालये, रात्रशाळा आणि दवाखाने चालविणारी ही संस्था मध्यमवर्गीय तरुणांना प्रथमच चाळींच्या दारापर्यंत घेऊन गेली. अवंतिकाबाई तिच्या कामात सामील झाल्या. परळ भागातील गिरणी कामगार स्त्रियांमध्ये त्यांचा वावर सुरू झाला. गरोदर स्त्री शेवटच्या दिवसापर्यंत साच्यावर उभी राहते, बाळंत झाल्यावर पोर घरी ठेवता येत नाही म्हणून गिरणीत आणते आणि ते रडू नये म्हणून त्यास अफूची गोळी चारते, असे गिरणगावचे त्या काळचे चित्र होते. परिचारिकेच्या नजरेस यातील प्रत्येक गोष्ट खुपणारी होती.

येथे थोडे विषयांतर. जालना औद्योगिक वसाहतीची ओळख लोखंडी सळयांचे कारखाने आणि बियाणे उद्योग अशी दुहेरी आहे. भट्ट्यांवर पुरुष असतात. बियाणांची निवड आणि पॅकिंग या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यास पाळणाघर सक्तीचे केले. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ती सक्ती लागू झाली. परळच्या चाळींत ज्या प्रश्नावर अवंतिकाबाईंच्या पिढीने प्रथम बोट ठेवले, त्याला कायद्याचे कलम मिळण्यास तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. कलमाची अंमलबजावणी हा निराळा विषय.

१९१३ मध्ये इचलकरंजीच्या राणीसाहेबांसमवेत अवंतिकाबाई इंग्लंडला गेल्या. ते वर्ष ब्रिटनमध्ये स्त्री मताधिकाराच्या चळवळीतील सर्वांत खळबळीचे होते. जून महिन्यात डर्बीच्या शर्यतीत एमिली डेव्हिसन ही कार्यकर्ती राजाच्या घोड्याखाली सापडून मृत्युमुखी पडली. तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांना सोडून पुन्हा पकडण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला. संसदेसाठी मत नाकारलेल्या याच देशात नगरसभांची दारे मात्र स्त्रियांना खुली झाली होती. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टर बाई १९०८ मध्ये ऑल्डबर्गच्या महापौर झाल्या होत्या. नगरपालिका हाच स्त्रीच्या राजकारणातील प्रवेशाचा पहिला दरवाजा ठरला, तो इंग्लंडमध्येही आणि पुढे आपल्याकडेही.

अमेरिकेत हा दरवाजा चक्क थट्टेतून उघडला गेला होता. कॅन्सस राज्याने १८८७ मध्ये स्त्रियांना नगरपालिकेपुरता मताधिकार दिला. अर्गोनिया या लहानशा गावातील दारूबंदीवादी स्त्रियांच्या संघटनेची खिल्ली उडविण्यासाठी काही पुरुषांनी सुझाना साल्टर या २७ वर्षांच्या कार्यकर्तीचे नाव तिला न विचारता महापौरपदासाठी मतपत्रिकेवर छापून टाकले. आपण उमेदवार आहोत, हे तिला मतदानाच्या दिवशी सकाळी कळले. संघटनेच्या स्त्रियांनी मग आपला ठरलेला उमेदवार बाजूला ठेवून तिलाच मते दिली आणि ती सुमारे दोन तृतीयांश मतांनी निवडून आली. एक वर्षाची मुदत संपल्यावर तिने पुन्हा उभे राहण्यास नकार दिला. थट्टा करणाऱ्यांचा डाव ज्या गोष्टीमुळे उलटला, ती गोष्ट म्हणजे गावात आधीपासून बांधून तयार असलेली स्त्रियांची संघटना. व्यक्ती नंतर आली, संघटना आधी होती.

अवंतिकाबाईंच्या बाबतीतही क्रम हाच राहिला. १९१६ च्या लखनौ काँग्रेसच्या सुमारास त्यांचा गांधीजींशी संबंध आला. १९१७ मध्ये चंपारण्यात निळीच्या मळेवाल्यांविरुद्धचा लढा चालू असताना तेथील खेड्यांत शाळा आणि आरोग्याचे काम करण्यासाठी गांधीजींनी महाराष्ट्र व गुजरातमधून स्वयंसेवक बोलाविले. गोखले दाम्पत्य त्या हाकेला ओ देऊन बिहारला गेले. सुखवस्तू घरातील ही माणसे रेल्वेच्या कोणत्या वर्गातून उतरतात, हे पाहण्यासाठी गांधीजींनी देवदास यांना स्थानकावर धाडले होते आणि दोघे तिसऱ्या वर्गातून उतरून चालत मुक्कामी आले, अशी आठवण सांगितली जाते. नोव्हेंबर १९१७ मध्ये बडहरवा लखनसेन या गावी पहिली शाळा उघडली, ती चालविण्याची जबाबदारी बबनराव, अवंतिकाबाई आणि देवदास गांधी यांच्याकडे होती.

त्या भागाची भाषा त्यांना येत नव्हती. इतर स्वयंसेविकांचीही तीच अडचण होती. व्याकरण नको, लिहिणे-वाचणेही दुय्यम, मुलांना स्वच्छता आणि वागणूक शिकवा, अशी गांधीजींची सूचना होती. औषधे म्हटली तर एरंडेल, कोयनेल आणि गंधकाचे मलम एवढाच साठा. प्रशिक्षित परिचारिकेस हे साहित्य तुटपुंजे वाटले असणार, परंतु विहिरीभोवतीची घाण काढणे, खरजेने भरलेल्या मुलांना आंघोळ घालणे आणि घरात कोंडलेल्या स्त्रियांशी बोलणे यासाठी त्याहून जास्त काही लागतही नव्हते. एकच लुगडे असल्यामुळे ते धुता येत नाही, असे सांगणाऱ्या स्त्रिया गांधीजींच्या आत्मचरित्रात भेटतात, त्या याच जिल्ह्यातील.

मुंबईस परतल्यावर १९१८ मध्ये अवंतिकाबाईंनी दोन गोष्टी केल्या. गांधीजींचे मराठी चरित्र लिहून प्रसिद्ध केले आणि हिंद महिला समाज ही संस्था स्थापन केली. चरित्राला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभली. ज्या दोन पुढाऱ्यांच्या मार्गांतील अंतराविषयी महाराष्ट्रात पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले, त्यांपैकी एकाच्या चरित्रास दुसऱ्याची प्रस्तावना आणि मध्ये लेखिका म्हणून एक परिचारिका, हा योग मराठी ग्रंथव्यवहारात दुर्मीळच म्हटला पाहिजे. गांधीजी त्या वेळी महाराष्ट्रात फारसे परिचित नव्हते. चंपारण्यातील काम डोळ्यांनी पाहिलेल्या व्यक्तीने लिहिले, हे या पुस्तकाचे बळ होते.

हिंद महिला समाजाचे महत्त्व याहून मोठे आहे. त्यापूर्वी मुंबई-पुण्यात स्त्रियांच्या संस्था नव्हत्या असे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापिला होता. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले होते. परंतु त्यांचा भर शिक्षण, स्वावलंबन आणि समाजसुधारणा यांवर होता. अवंतिकाबाईंच्या समाजाने शिवणकाम आणि सूतकताई शिकविली हे खरे, तथापि स्त्रियांमध्ये राजकीय जागृती करणे हा त्याचा उघड हेतू होता. घरकाम उरकून दुपारी जमणाऱ्या गृहिणींनी देशातील घडामोडींवर बोलावे, ठराव करावा आणि तो सरकारदरबारी पाठवावा, ही सवय येथे लागली. ठराव लिहिणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण ज्या स्त्रीला घरात स्वतःचे मत मांडण्याची मुभा नाही, तिच्या दृष्टीने मत लेखी नोंदविले जाणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. या समाजाची धुरा अवंतिकाबाईंनी दीर्घकाळ वाहिली.

१९२१ मध्ये मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव संमत केला. आता महापालिकेची पाळी होती. १९२२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेच्या मतदारसंघाचा विस्तार झाला आणि दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूस मताचा हक्क मिळाला. घरमालकांच्या हातातील नगरसभा चाळींतील पांढरपेशांपर्यंत येऊन पोहोचली. हजारो गिरणी कामगारांच्या खोल्यांचे भाडे दहा रुपयांहून कमी असल्याने ते बाहेरच राहिले, हेही नमूद केले पाहिजे. सभागृहात स्त्रियांना स्थान असावे, ही मागणी हिंद महिला समाजाने याच सुमारास लावून धरली. ज्या शहरात पाणी, गटारे, प्राथमिक शाळा आणि प्रसूतिगृहे यांवर महापालिका निर्णय घेते, तेथे ज्यांच्या दिवसाची वाटणीच या चार गोष्टींनी ठरते त्या स्त्रियांचा आवाज नसणे विसंगत आहे, असा या मागणीमागील विचार होता.

१९२३ मध्ये मुंबई महापालिकेत प्रथमच चार स्त्रिया दाखल झाल्या. सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले, बचूबेन लोटवाला आणि श्रीमती हॉजकिन्सन ही ती नावे. यांतील सरोजिनीबाई त्या वेळी अखिल भारतीय कीर्तीच्या पुढारी होत्या आणि त्यांच्या सभागृहातील प्रवेशाकडे वर्तमानपत्रांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. अवंतिकाबाईंकडे तसे वलय नव्हते. त्यांच्याकडे होता तो परळच्या वस्त्यांचा अनुभव, परिचारिकेचे ज्ञान आणि आठवड्यागणिक भेटणारा महिला समाज. १९३१ पर्यंत त्या सभागृहात राहिल्या. एकदा जाऊन आलेल्या पाहुण्या म्हणून नव्हे, तर सलग सुमारे आठ वर्षे काम करणाऱ्या सदस्य म्हणून त्यांची नोंद आहे. सभागृहाबाहेर त्यांच्या पाठीशी स्त्रियांची जागती संघटना होती. सभागृहात विषय मांडायचा आणि समाजाच्या बैठकीत त्याचा हिशेब द्यायचा, ही दुहेरी बांधिलकी आजच्या नगरसेविकांपैकी किती जणींच्या वाट्याला येते?

योगायोग असा, की त्या सभागृहातून बाहेर पडल्या त्याच १९३१ मध्ये महापालिकेच्या अध्यक्षांना महापौर हे पदनाम मिळाले. मुंबईला पहिली स्त्री महापौर मिळण्यास आणखी पंचवीस वर्षे जावी लागली. १९५६ मध्ये सुलोचना मोदी यांनी तो मान मिळविला.

मधल्या काळात चळवळीने अवंतिकाबाईंना रस्त्यावर आणले होते. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीस मीठ उचलले, त्याच दिवशी मुंबईत मिठाचा कायदा मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत दोन स्त्रिया होत्या. एक कमलादेवी चट्टोपाध्याय आणि दुसऱ्या अवंतिकाबाई. कमलादेवी तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या, अवंतिकाबाई सत्तेचाळीस. मीठ तयार करण्याच्या शेगड्या, त्यांभोवती स्त्रियांचे कडे आणि बाहेर पोलीस, हे दृश्य त्या वर्षी मुंबईकरांनी वारंवार पाहिले. विदेशी कापडाच्या दुकानांपुढील निरोधनात गिरगाव-दादरच्या गृहिणी शेकडोंनी उतरल्या, त्यामागे गेल्या बारा वर्षांतील दुपारच्या बैठकांचे श्रेय मोठे होते. ऑक्टोबर १९३० मध्ये बंदी मोडून झालेल्या झेंडावंदनाच्या प्रकरणी अवंतिकाबाईंना अटक होऊन कारावास भोगावा लागला. महापालिकेच्या विद्यमान सदस्येने शहराच्या मैदानात झेंडा फडकविण्यासाठी तुरुंगात जावे, यातच त्या काळच्या नागरी सत्तेची मर्यादा दिसते. नळ आणि दिवे यांवर बोलण्याची मुभा होती, मैदानावर नव्हती.

त्यांच्यावर टीका करण्यासारखे काहीच नाही, असे मानण्याचे कारण नाही. हिंद महिला समाजाचा पाया मुख्यतः मध्यमवर्गीय, शिक्षित घरांतील स्त्रियांचा होता. गिरणीतील कामगार स्त्री या समाजाच्या कामाचा विषय होती. ती स्वतः बैठकीत बसून ठराव मांडते आहे, असे चित्र तेथे उभे राहिले नाही. सभागृहाच्या दारापर्यंत गेलेली संघटना आणि दहा रुपयांपेक्षा कमी भाडे भरणारी स्त्री यांच्यातील अंतर पुढील काळात डाव्या कामगार चळवळीने काही प्रमाणात कापले. ग्रामीण महाराष्ट्रात तर त्यासाठी १९८६ उजाडावे लागले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले आणि स्थानिक निवडणुका स्त्रियांनी लढविण्याचा विचार खेड्यापाड्यांतील शेतकरी स्त्रियांपुढे आला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावी संपूर्ण पंचायतच स्त्रियांची निवडून आली. घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये एक तृतीयांश आरक्षण दिले आणि २०११ मध्ये राज्याने ते निम्म्यावर नेले, ते या साऱ्यानंतर.

जालन्याचे काय? १९२३ मध्ये अवंतिकाबाई मुंबईच्या सभागृहात बसल्या, तेव्हा हे शहर निजामाच्या राज्यात होते. कापसाची बाजारपेठ होती, १९०० पासून रेल्वे होती, पण लोकांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्नच उद्भवत नव्हता, मग स्त्रियांची गोष्ट दूरच. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये भरले ते आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथे, आणि राजकीय हक्कांची भाषा या भागात संघटितपणे बोलली जाऊ लागली ती त्यानंतर. मुक्तिसंग्रामात बदनापूर परिसरातील दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रिया शस्त्रे पोहोचविण्याच्या कामापर्यंत गेल्या. मुंबईची दुपारची बैठक आणि सरहद्दीवरील रात्रीची वाट, दोन्हींचा काळ फार दूरचा नाही, मार्ग मात्र किती निराळे!

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपुष्टात आले. तो अवंतिकाबाईंचा सहासष्टावा वाढदिवस होता. मराठवाड्यातील स्त्रियांनी पहिले मत दिले ते १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. त्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार याद्यांतून वगळावी लागली. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख त्यांनी सांगितली होती. स्वतःचे नाव त्यांनी सांगितले नव्हते आणि निवडणूक आयोगाने तशी नोंद स्वीकारली नाही. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात कित्येक दिवसांनी एकदा नळाला पाणी आले, तेव्हा पालिकेच्या दारात रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांत, यादीतून वगळल्या गेलेल्यांच्या नाती असणे अगदी शक्य आहे.

अवंतिकाबाई दरवर्षी गांधी जयंतीसाठी स्वतः कातलेल्या सुताची धोतरे विणवून घेत आणि गांधीजींना भेट देत. तुरुंग, आजारपण, सभागृहाच्या बैठका यांतूनही हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला. ३० जानेवारी १९४८ नंतर ते सूत घ्यायला कोणी राहिले नाही. मार्च १९४९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.